पडक्या मिळकतीचा भाव

मराठेशाहीत गावातली मिरासी, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेली, जमीन विकायची म्हणजे तो सगळ्या गावाचा व्यवहार असे. भाऊबंदांची संमती लागे आणि पाटील-कुलकर्णी व बलुतेदार साक्षीला बसत. कुलकर्णी खत लिही, पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. विकणारा आत्मसंतोषाने विकतो आहे हे खतात नोंदले जाई, चतुःसीमा सांगितल्या जात आणि जमिनीबरोबर काय काय जाते तेही लिहिले जाई. इनामाच्या सनदांमध्ये ही यादी पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड यांपासून जमिनीत पुरलेल्या धनापर्यंत जाते. तिला नुसते लिहिण्याचे वळण समजणे चूक ठरेल. ओसाड पडलेल्या शिवाराला भाव येई तो बहुधा बांधावरच्या आंब्यामुळे किंवा बुजत चाललेल्या विहिरीमुळे. म्हणून भावात काय धरले आणि काय नाही, हे आधी ठरवावे लागे.

इतके साक्षीदार लागण्याचे आणखी एक कारण होते. दुष्काळात किंवा लढायांच्या धामधुमीत परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परत येऊन आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके आणि गाव तो मानत असे. पडीक जमीन घेणाऱ्याला खरी धास्ती या परतणाऱ्या वारसाची. घराणे बुडाल्याने गतकुळी ठरलेल्या जमिनीला हा धोका नसे. शिवाराची प्रत सारखी असली तरी हक्क निर्वेध आहे की नाही यावर मोल कमी-जास्त होई.

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला दख्खनच्या बऱ्याच भागात जमिनीला विक्रीची किंमतच उरली नाही. पिकातून सारा फिटेना, मग ते ओझे पैसे मोजून विकत कोण घेणार? प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात केलेली साऱ्याची आकारणी याच कारणाने फसली. इंदापूर भागात शेते पडीक पडली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथे नवी मोजणी केली, दर खाली आणले आणि 1836 पासून 30 वर्षांसाठी सारा कायम केला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात इतरत्र नेली गेली. सारा दिल्यावर शेतकऱ्याच्या हाती काही उरावे आणि त्यामुळे जमिनीला बाजारात किंमत यावी, असा त्यांचा विचार होता. तो खरा ठरला. मात्र किंमत आलेली जमीन तारण म्हणूनही चालू लागली आणि सावकार पूर्वीपेक्षा मोठी कर्जे देऊ लागला.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव चढले, तेव्हा जमिनीही महागल्या. पुढे मंदी आली, त्यातच मुदत संपलेल्या तालुक्यांत सारा वाढवून बसवला गेला. सावकाराने कोर्टातून हुकूमनामा मिळवला की कर्जदाराची जमीन लिलावात निघे, आणि बोली लावायला पुष्कळदा तो एकटाच पुढे होई. गावात दुसऱ्या कुणाजवळ रोकड नसे. असली तरी सावकाराशी वैर घेण्याची तयारी नसे. घासाघीस व्हायला दोन्ही बाजूंना नाही म्हणता यावे लागते, आणि इथे एका बाजूला ती सोय नव्हती. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक सावकारांवर उठले. दंगा आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर. सावकारांकडून कागद काढून घेऊन ते जाळले गेले.

त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी दुःखनिवारण कायदा आला. कर्जाचा मूळ व्यवहार काय होता हे कोर्टाने खणून काढावे आणि कागदावरच्या आकड्यापाशी थांबू नये, अशी तरतूद त्यात होती. शेतकऱ्याचे खत गाव-निबंधकापुढे लिहिले जावे, त्याला मजकूर समजला आहे याची खात्री करून घ्यावी, असेही ठरले. खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद प्रत्यक्षात गहाण आहे, असे म्हणण्याची वाट शेतकऱ्याला पुढे मिळाली. भाऊबंदांची आणि गावाची जुनी साक्ष मोडली होती. तिची जागा सरकारी माणसाने घ्यावी असा हा प्रयत्न होता.

घरांचा प्रश्न निराळा. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात एका भावाने आपला हिस्सा परक्याला विकला तर काय करायचे? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने अशा परक्याला राहत्या घरात कुटुंबाबरोबर सामायिक ताबा मागता येणार नाही असे ठरवले. 1893 च्या वाटप कायद्याने पुढचे पाऊल टाकले: त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर कोर्ट त्या हिश्श्याचे मोल ठरवील आणि घरातला भागीदार त्या किमतीला तो परत घेऊ शकेल. पडत्या वाड्याचा सुटा हिस्सा बाजारात आजही स्वस्त जातो याचे मूळ इथे आहे. भिंती तशाच असतात. घेणाऱ्याच्या हाती ताबा मात्र येत नाही.

स्वातंत्र्याच्या आसपास सरकार थेट भावातच उतरले. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा लगतच्या खातेदारालाच विकता येईल असे बंधन घातले. हेतू चांगला होता, पण गिऱ्हाईक आपण एकटेच आहोत हे शेजाऱ्याला ठाऊक असे आणि तो भाव पाडून मागे. 1948 च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यात तर वाजवी किमतीचे गणितच पुढे घालण्यात आले: आकाराच्या, म्हणजे ठरलेल्या साऱ्याच्या, 20 पटीहून कमी नाही, 200 पटीहून जास्त नाही, शिवाय विहीर, बांधबंदिस्ती, बांधकाम आणि झाडे यांचे मोल वेगळे. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कुळे मालक मानली गेली, तेव्हा त्यांनी द्यायची किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने याच चौकटीत ठरवली. आकार जुन्या मोजणीचा आणि तुटपुंजा, त्यामुळे 200 पट धरूनही रक्कम कुळाच्या आवाक्यात राहिली. एरवीच्या सौद्यात मिळाला नसता असा भाव कसणाऱ्याला मिळाला, आणि तो न्याय्यच होता.

कोकणात सौद्याचे रूप वेगळे झाले. घरातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, गावी म्हातारी माणसे राहिली, मग घराला कुलूप लागले. अशा घराचा विक्रेता पूर्वजांचे घर म्हणून किंमत सांगतो. कोकण रेल्वे आल्यावर आणि पर्यटन वाढल्यावर ती आणखी चढली. जाणता घेणारा सोबत सुतार आणतो. सुतार मंगळुरी कौले सरकवून वासे बघतो, तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी पटाशी टोचतो, कारण ओल आणि वाळवी तिथूनच धरते. पटाशी सहज आत गेली की छप्पर हिशेबातून गेले. मग उरते ते जोत्याचा आणि भिंतींचा चिरा, सागाचे खांब, विहीर आणि आगरातले माड. यांची बेरीज करून त्यातून मोडतोड उचलण्याचा खर्च वजा केला की घेणाऱ्याचा आकडा तयार होतो. विक्रेत्याचा आकडा याच्या दुप्पट असला तरी बोलणे मोडत नाही; मध्यस्थ दोघांना वेगवेगळे गाठतो आणि एकाला चढवतो, दुसऱ्याला उतरवतो.

पण भाव सर्वांत जास्त खाली येतो तो सातबाऱ्यावर. उताऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावे, निम्मे वारस मुंबईत, एखादा परदेशात, इतर हक्कांत एखाद्या कुळाचे नाव. प्रत्येक सही मिळवायला वेळ आणि पैसा लागतो, तो किमतीतून वळता होतो. घेणारा आधी थोडा इसार देतो, वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो आणि मोजणी झाल्यावरच भरणा करतो. घराभोवतीचे आगर शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. त्यामुळे गिऱ्हाइके घटतात आणि भावही.

मुद्रांक वाचवण्यासाठी खतात किंमत कमी दाखवण्याची रीत जुनी. तिला आळा म्हणून 1995 च्या नियमांनंतर सरकार दरवर्षी मूल्यदर तक्ते काढू लागले; लोक त्यांना रेडी रेकनर म्हणतात. बांधकाम जुने असेल तर त्यात घसारा मिळतो. तरीही तक्ता घराच्या वयावर चालतो, वाळवी त्याला दिसत नाही. प्रत्यक्ष सौदा तक्त्याखाली झाला तरी मुद्रांक तक्त्याप्रमाणेच भरावा लागतो. त्यामुळे मोडकळीला आलेले घर स्वस्तात घेणारा हा वाढीव खर्चही आपल्या आकड्यातून आधीच कापतो.

गावठाणातल्या बहुतेक घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असतो, पण तो घरपट्टीसाठी. मालकी त्याने सिद्ध होत नाही. बँका अशा घरावर कर्ज द्यायला कचरतात, म्हणजे घेणारा रोख पैसेवालाच हवा. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. पत्रिका हाती असलेला विक्रेता आता बोलणी सुरू करतानाच ती पुढे ठेवतो, आणि कागद अपुरे आहेत म्हणून भाव पाडण्याचे घेणाऱ्याचे कारण तेवढे कमी होते.