प्रज्वलनदोष (मोटारगाडीतील)

सेल्फ मारल्यावर पेट्रोलचे इंजिन फिरते, पण पेट घेत नाही, तेव्हा प्लगवर ठिणगी पडत नसण्याचा किंवा अवेळी पडण्याचा बिघाड. इंजिन फिरतच नसेल, नुसते ‘टक्’ वाजत असेल, तर दोष बॅटरीचा, टर्मिनलचा किंवा स्टार्टरचा. दोन्हींची गल्लत होते ती उतरलेल्या बॅटरीमुळे : सेल्फच इतका करंट ओढतो की कॉइलला पुरेसा मिळत नाही. अशी जुनी गाडी धक्का मारला की चालू होते.

महाराष्ट्रातले कितीतरी मेकॅनिक हे काम शिकले ते मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या फियाट आणि प्रीमियर पद्मिनीवर. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईतून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या गाड्यांतली पॉइंटची (प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) पद्धत मूळची अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांची, १९१० च्या सुमाराची. पॉइंट उघडले की कॉइलमधला १२ व्होल्टचा प्रवाह तुटतो, दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात आणि डिस्ट्रिब्युटरमधला रोटर ते १-३-४-२ या क्रमाने प्लगांना वाटतो.

तपास प्लगपासून मागे जातो. काढलेला प्लग वायरीत खोचून, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनला टेकवून सेल्फ मारतात. आसपास सांडलेले पेट्रोल नको. ठिणगी निळी, चटचटीत हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर आणि जळके पॉइंट आधी पाहावेत. प्लगला ठिणगी नाही, पण कॉइलच्या मधल्या जाड वायरीला आहे, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप किंवा रोटर गेला. पावसाळ्यात बहुधा कॅपमध्ये ओल धरलेली असते, कोरडे फडके पुरते. त्या जाड वायरीलाही ठिणगी नसेल तर कॉइलच्या पॉइंटकडील टोकाला टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर पॉइंट ठीक, संशय कॉइल-कंडेन्सरवर. सतत पेटला तर पॉइंट मिटत नाहीत. पेटलाच नाही तर सप्लाय नाही किंवा पॉइंट उघडत नाहीत. हे न बघता कॉइल बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधणे.

आजच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाही. बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असते. उघड्यावर ठिणगी काढल्यास कॉइल किंवा ईसीयू (इंजिनचा नियंत्रक संगणक) जळू शकतो, म्हणून स्पार्क टेस्टरच वापरावा. भूम तालुक्यातील ईटसारख्या गावी दोष वाचणारा स्कॅनर हाताशी नसला तरी आधी फ्यूज आणि इमोबिलायझरचा दिवा पाहता येतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलला नाही, तर क्रँक सेन्सर संशयित. शेतवस्तीवर बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र सेन्सरला दोष देण्याआधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते पाहावे.