पुण्याचे फुटबॉल क्लब गेले कुठे?

चढ-उतार म्हणजे काय हे आम्हा वेल्हेकरांना सांगायला नको, तोरणा समोरच उभा आहे. पण आपण चढून खाली उतरलो तरी गड जागेवर राहतो. पुण्याच्या फुटबॉलचं तसं झालं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

२००७ साली पुणे एफसी स्थापन झाला. २००९ मध्ये तो आय-लीगच्या वरच्या गटात पोहोचला आणि २०१२-१३ च्या हंगामात चक्क देशात दुसरा आला! पहिला आला गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. पुण्याचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. २०१४-१५ मध्ये तर पुणे एफसी आणि भारत एफसी हे पुण्याचेच दोन संघ आय-लीगमध्ये होते, शिवाय नव्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. क्रिकेटवेड्या शहरात तीन संघ!

...आणि तो हंगाम संपल्यावर त्यातले दोन बंद. त्यांच्यामागून आलेला डीएसके शिवाजियन्स २०१७ पर्यंत टिकला. एफसी पुणे सिटी मार्च २०१८ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीतला पहिला सामना ०-० सुटला. दुसऱ्यात बंगळुरूला सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि पुणे ३-१ ने हरलं. हरण्याचं एवढं काही नाही हो, पण २०१९ मध्ये पैशांच्या अडचणीत क्लबच संपला. त्याची जागा हैदराबादला गेली, आणि हैदराबादने २०२१-२२ चा चषक जिंकलासुद्धा!

आता जर्मनीतला कायझर्सलाउटर्न बघा. १९९६ मध्ये खालच्या गटात घसरला, १९९७ मध्ये परत वर आला, १९९८ मध्ये थेट विजेता. २०१८ मध्ये तोच तिसऱ्या गटात जाऊन पडला, २०२२ मध्ये पुन्हा दुसऱ्यात चढला. पण क्लब आहे. तिथल्या नियमाप्रमाणे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडे असतं. पैसा लावणारा येतो नि जातो.

आपलं गावातलं मंडळ तरी वेगळं काय असतं? वर्गणी थोडी, भांडणं फार, पण मंडळ मोडत नाही, कारण ते सगळ्यांचं असतं. पुण्याच्या या क्लबांना प्रेक्षक होते, मत देणारे सभासद नव्हते. मालकाने हात काढून घेतल्यावर प्रेक्षकांच्या हातात काय उरलं? जुनी तिकिटं.

हरलेला संघ पुढच्या वर्षी जिंकू शकतो. नसलेल्या संघाने काय करावं? तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.