स्कूटरच्या स्वयंचलित गतिबदलाची वंशावळ

नाशिक हें तीर्थक्षेत्र म्हणून जितकें प्रसिद्ध, तितकेंच वाटेवरचें ठाणें म्हणूनही जुनें आहे. मुंबईहून थळघाट चढून येणारा आग्रा रस्ता येथून मालेगांव-धुळ्यावरून माळव्यांत जातो, व पुण्याचा रस्ता येथेंच त्यास येऊन मिळतो. या दोन रस्त्यांशीं प्रस्तुत लेखाच्या विषयाचा संबंध आहे. कारण ज्या स्कूटरीनें आपल्या देशांत स्वयंचलित गतिबदल रूढ केला, त्या किनेटिक होंडाचे कर्ते पुण्याचे व कारखाना इंदुराजवळील पीथमपूरचा. स्कूटर हा संशोधनाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु जुनीं नाणीं, तोफा व घटिकायंत्रें ज्यांनीं आदरानें संग्रहीं ठेविलीं, त्यांच्या मनांत ती फार वेळ टिकूं नये.

बोलण्यांत ‘बिनगिअरची गाडी’ हा शब्द सरसहा वापरला जातो, आणि सर्व घोटाळा तेथूनच सुरू होतो. या एका शब्दांत तीन निरनिराळे गुण दडलेले आहेत. चालकानें क्लच न दाबतां इंजिन चाकास आपोआप जोडलें जावें, हा पहिला गुण. इंजिनाचे फेरे व चाकाचे फेरे यांचें प्रमाण पायरीपायरीनें न बदलतां सलग बदलावें, हा दुसरा. आणि हा बदल चालकाच्या हातानें न होतां यंत्राच्या स्वतःच्या वेगानें घडावा, हा तिसरा. हे गुण निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या देशांत दिसूं लागले. त्यांपैकीं एक आढळला म्हणून तिन्ही होते असें समजणें, म्हणजे शिक्का दिसला म्हणून सबंध कागद अस्सल मानण्यासारखें आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. जुन्या लेथवर पायऱ्यांची कप्पी असे. कारागीर पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवी, कीं वेग बदले. या पायऱ्या काढून टाकून कप्पीचे दोन तिरकस गाल एकमेकांजवळ येतील किंवा दूर जातील असें केलें, तर पाचरीच्या आकाराचा पट्टा त्यांच्यामध्यें वर चढतो किंवा खालीं उतरतो, आणि कप्पी जणूं लहानमोठी होते. स्कूटरमध्यें अशा दोन कप्प्या असतात. पुढची इंजिनाच्या दांड्यावर बसविलेली असून तिच्या पोटांत लहान वजनदार रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला कीं ते केंद्रापासून बाहेर फेंकले जातात व एका गालास दुसऱ्याकडे रेटतात. पट्टा वर चढतो. पट्ट्याची लांबी ठराविक असल्यामुळें मागच्या कप्पीचे गाल स्प्रिंगचा दाब सोसून दूर होतात व तेथें पट्टा खालीं उतरतो. घाटाच्या चढावावर वेग मंदावला कीं हाच व्यापार उलट घडून चाकास अधिक जोर मिळतो. मागच्या कप्पीजवळचा क्लचही वेगानेंच पकडतो व वेग उतरतांच सुटतो. कारागिरांच्या भाषेंत पुढच्या कप्पीच्या या जुळणीस व्हेरिएटर म्हणतात.

या युक्तीचें मूळ सांगतांना पुष्कळ लेखक लिओनार्दो द व्हिंची याच्या सन १४९० च्या सुमारच्या रेखाटनापर्यंत जातात. आमच्या मतें तें मूळ धरूं नये. त्याच्या वह्या कित्येक शतकें अप्रकाशित पडून होत्या. त्यांतील आकृति पाहून पुढील कोणा कारागिरानें यंत्र घडविलें, असा दुवा दाखविल्यावांचून केवळ सादृश्यास वंश म्हणतां येत नाहीं. कुलवृत्तांत लिहिणारांस हा नियम ठाऊक आहे. यंत्रांच्या बाबतींत तो सोडण्याचें कारण नाहीं.

खरी परंपरा गिरणीच्या पट्ट्यापासून निघते. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानच्या कोलंबस गांवीं मिल्टन रीव्हज यानें सन १८७९ च्या सुमारास लांकूड कापण्याच्या गिरणींतील करवतीचा वेग आवरण्यासाठीं सरकत्या कप्पीची योजना केली, व सन १८९६ मध्यें तीच मोटारगाडीस लाविली. पुढें सन १९१० च्या आगेमागें इंग्लंडांतील झेनिथ कंपनीच्या मोटारसायकलींवर ‘ग्रॅज्युआ’ नांवाची योजना आली. तींत चालक हातानें दांडा फिरवून कप्पीचा व्यास बदली, व पट्टा ढिला पडूं नये म्हणून त्याबरोबर मागलें चाकही सरके. चढावाच्या शर्यतींत या गाड्यांचा असा वरचष्मा झाला कीं कांहीं ठिकाणीं त्यांस मज्जाव करण्यांत आला. कंपनीनें तो मज्जावच आपल्या चिन्हांत मिरविला. रज कंपनीच्या ‘मल्टी’ गाडीनें तर सन १९१४ ची आइल ऑफ मॅनची सीनियर टी. टी. शर्यत जिंकली. परंतु या दोन्ही गाड्यांत हात चालकाचाच होता. म्हणजे येथें दुसरा गुण पूर्ण आहे, तिसरा नाहीं.

तिसरा गुण स्कूटरींत आला तो अमेरिकेंतच. कॅलिफोर्नियांतील सॉल्सबरी कंपनीनें सन १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत आपल्या स्कूटरीस आपोआप बदलणारी पट्ट्याची योजना दिली. हॉलंडांत ह्यूब व्हान डोर्न यानें सन १९५८ मध्यें डाफ मोटारीस ‘व्हेरिओमॅटिक’ बसविलें, त्यावरून हें नांव जगभर झालें. आपल्याकडे कांहीं जुने कारागीर स्कूटरीच्या यंत्रासही व्हेरिओमॅटिकच म्हणतात. नांव हॉलंडचें म्हणून युक्तीही हॉलंडांतच जन्मली, असें मात्र त्यावरून ठरत नाहीं.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. हस्तिमल फिरोदिया यांच्या किनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें सन १९७२ मध्यें लूना ही ५० सी. सी. ची मोपेड काढली. तिचा अहमदनगरचा, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचा, कारखाना नाशिकच्या शेजारच्याच जिल्ह्यांतला. लूनेस गिअर नव्हते हें खरें. पण ती एकाच प्रमाणावर चालणारी गाडी होती. क्लच आपोआप पकडे, परंतु चढ लागला कीं प्रमाण बदलत नसे, आणि चालकास पायडल मारून हातभार लावावा लागे. तिच्यांत पहिला गुण होता, पुढील दोन नव्हते. सबब लूनेस व्हेरिएटरच्या वंशांत घालणें चूक, आणि आपोआप पकडणाऱ्या क्लचच्या इतिहासांतून तिला वगळणें हीही चूकच.

सन १९८४ मध्यें किनेटिक व जपानची होंडा यांची भागीदारी झाली. तींतून निघालेली ९८ सी. सी. ची दोन-स्ट्रोक स्कूटर होंडाच्या ‘लीड’ मालिकेवरून बेतलेली होती. बटण दाबून सुरू होणें व गिअर न बदलतां चालणें, हे तिचे विशेष. त्या वेळीं बजाज चेतकसारख्या गाडीचे चार गिअर डाव्या मुठीनें बदलावे लागत, आणि तिच्यासाठीं गिऱ्हाइकें कित्येक वर्षें नांव नोंदवून वाट पाहत. ज्यांस क्लच व गिअर यांचा मेळ साधणें जड जाई, त्यांस ही नवी गाडी सोपी झाली. होंडा सन १९९८ मध्यें भागीदारींतून बाहेर पडली, आणि सन २००१ मध्यें तिच्या स्वतंत्र कंपनीनें अ‍ॅक्टिव्हा काढली. आज देशांत बिनगिअरच्या स्कूटरी सर्वत्र दिसतात. या चालीचा पाया सन १९८४ च्या त्या भागीदारींत आहे.

याच यंत्राचें थोरलें रूप म्हणजे मॅक्सी स्कूटर. लांब बैठक, वाऱ्याची कांच, भरदार अंग व मोठें इंजिन ही तिची ओळख. होंडाची सन १९८६ ची सी. एन. २५० हिला सामान्यतः या घराण्याची मूळपुरुष मानतात. तिच्यामागून यामाहाची मॅजेस्टी सन १९९५ मध्यें, सुझुकीची बर्गमन सन १९९८ मध्यें व यामाहाची टी-मॅक्स सन २००१ मध्यें आली. आपल्याकडे या घाटणीची पहिली म्हणून किनेटिकचीच १६५ सी. सी. ची ब्लेझ सांगितली जाते. ती सन २००६ मध्यें इटलजेट या इटालियन कंपनीच्या आराखड्यावरून निघाली. सन २००८ मध्यें किनेटिकचा दुचाकींचा धंदा महिंद्रांकडे गेला. पुढें सन २०२० च्या डिसेंबरांत पियाज्योच्या बारामतीच्या कारखान्यांतून अप्रिलिया एस. एक्स. आर. १६० बाहेर पडली.

संग्राहकांसाठीं कालनिर्णयाविषयीं दोन शब्द. ‘एम. एच. १५’ हा नाशिकचा क्रमांक नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर, म्हणजे १ जुलै १९८९ नंतर सुरू झालेल्या पद्धतींतला आहे. तेव्हां ज्या किनेटिक होंडाच्या पाटीवर व नोंदणीपुस्तकांत त्यापूर्वीच्या पद्धतीचा क्रमांक असेल, ती पहिल्या पांच वर्षांतली समजावी. उलट ‘एम. एच.’ क्रमांक असल्यास गाडी नंतरचीच असें मात्र म्हणूं नये. जुनी गाडी दुसऱ्या राज्यांतून आली असतां तिला नवा क्रमांक मिळतो. अशा वेळीं सांगाड्यावरचा क्रमांक, नोंदणीपुस्तक व कंपनीची माहितीपुस्तिका ताडून पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये.

हीं साधनें आजच जमविलीं पाहिजेत. सन २०२० च्या जानेवारीपासून विकली जाणारी विजेची चेतक पाहा. नांव सन १९७२ च्या गाडीचें; पण तिच्यांत ना मुठीचे गिअर, ना रोलर, ना सरकती कप्पी. विजेच्या मोटारीस या युक्तीची गरजच राहिली नाहीं. एक यंत्र आपल्या डोळ्यांदेखत इतिहासजमा होऊं लागलें आहे, आणि त्याचे कागद रद्दींत जात आहेत. दुरुस्तीची पुस्तिका, सुट्या भागांची यादी, विक्रीची पावती व गॅरेजची वही हे या विषयाचे अस्सल कागद होत. ज्या घरांत मोडी रुमाल जपले गेले, त्या घरांतील माळ्यावर असा एखादा कागद सांपडल्यास तो त्याच फडक्यांत बांधून ठेवावा, एवढीच वाचकांस विनंति.