बंगळूरची समस्यापूर्ती

दिलेल्या शब्दावर रोज चार ओळी रचण्याचा छंद नव्या काळाचा, अशी अनेकांची समजूत आहे. आपल्याकडे मात्र समस्यापूर्ती जुनीच. एकाने श्लोकाचा एक चरण द्यावयाचा व दुसऱ्याने उरलेले रचून तो अर्थपूर्ण करावयाचा. आम्हां बंगळूरकर मराठी मंडळींस तर ती विशेष जवळची वाटावी.

इ. स. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली. आमच्या के. आर. पुरमवरून पुढे होसकोटे, कोलारकडे वाट जाते. तो मुलूखही त्यांच्याच जहागिरीत होता. नाशिककडील कवी जयराम पिंड्ये राजांच्या दरबारी आला, तेव्हा आपण बारा भाषांत काव्य करतो, हे सांगण्यासाठी त्याने बारा नारळ पुढे ठेवले. समस्या घातल्या गेल्या. त्याने त्या पुऱ्या केल्या. हा वृत्तांत त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला.

त्या भाषांत कानडी होती, तशी मराठीही होती. परमुलखात आलेल्या कवीने येथील भाषेचा मान राखला. आपली सोडली नाही. आमची मुले कानडी, इंग्रजी, हिंदी शिकतात, याचा आम्हांस आनंदच आहे. मराठी मात्र अनेक घरांत स्वयंपाकघरापुरती उरली आहे. केवळ गणेशोत्सवात कानी पडणारी भाषा टिकत नाही. म्हणून रोज रात्री जेवताना वडीलधाऱ्यांनी एक शब्द द्यावा, मुलांनी त्यावर दोन ओळी जुळवाव्यात. यमक चुकले तरी चालेल. मराठीचा एक दिवसही चुकू नये.