दिल्लीचा हलवाई आणि मराठ्यांची पुरणपोळी

राजधानीत बदलून येणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाला येथील उन्हाळा, थंडी आणि घरभाडे यांची सवय दोन-तीन वर्षांत होऊन जाते. परंतु 'साखर' मागितली असता वाणी 'चीनी' तोलतो, 'खडीसाखर' मागितली असता 'मिश्री' पुढे करतो, आणि 'हलवा' म्हणताच संक्रांतीच्या काटेरी दाण्यांऐवजी तुपाने निथळणारा रव्याचा गोळा द्रोणात पडतो, याची सवय व्हावयास फार काळ लागतो. चीनी म्हणजे चीनची, मिश्री म्हणजे मिसर देशाची. ज्या भूमीने जगाला शर्करा दिली, तिच्याच राजधानीत साखरेला दोन परदेशांची नावे पडावीत, ही गंमत खरी. याच्या उलटही एक गंमत आहे. आमच्या 'खंडा'चे अरबांनी 'कंद' केले, युरोपने त्यापासून 'कँडी' केली, आणि आज सरकारी वसाहतीतील मुले तोच शब्द इंग्रजी समजून आईजवळ पैसे मागतात.

गेली दहा-बारा वर्षे या शहराचा इतिहास जिभेने वाचण्याचा उद्योग आम्ही चालविला आहे. कारकुनाच्या पगाराला झेपेल इतकाच तो आहे. शनिवारची सुट्टी, मेट्रोचे तिकीट आणि पावशेर मिठाई, एवढे त्याचे भांडवल. ग्रंथांतून जे कळत नाही ते कढईतून कळते, असे आम्हांस वाटू लागले आहे. मात्र या भ्रमंतीत एका प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला. मराठ्यांनी या शहरावर काही वर्षे प्रत्यक्ष सत्ता गाजविली. मग दिल्लीच्या बाजारात मराठ्यांचे म्हणावे असे एकही पक्वान्न का नाही?

हा प्रश्न प्रथम सुचला तो चांदणी चौकात. तेथील घंटेवाला हे दिल्लीचे सर्वांत प्रसिद्ध हलवायाचे दुकान. लाला सुखलाल जैन यांनी ते १७९० मध्ये स्थापिले, असे परंपरा सांगते. बादशहाचा हत्ती दुकानासमोर येऊन थबके व गळ्यातील घंटा हलवी, म्हणून हे नाव, अशी एक आख्यायिका आहे. लालाजी स्वतःच घंटा वाजवीत मिठाई विकीत फिरत, अशी दुसरी. आम्हांस दुसरी अधिक पटते, कारण व्यापार अशानेच वाढतो. या दुकानाचा सोहन हलवा म्हणजे अंकुरलेल्या गव्हाचे सत्त्व, तूप, साखर व दूध आटवून केलेली तपकिरी, कडक चकती. ती चावावयाची नसते. तुकडा मोडून गालात धरावयाचा असतो. आम्ही प्रथम ती चिक्कीप्रमाणे चावली आणि दाढेने पुढे चार दिवस आम्हांस त्याची आठवण करून दिली. १८५७ च्या धामधुमीत तर 'दिल्ली उर्दू अखबारा'ने बाहेरून आलेल्या शिपायांविषयी अशी तक्रार केली होती की चांदणी चौकात एक फेरी मारून घंटेवाल्याची मिठाई खाल्ली म्हणजे यांची लढण्याची उमेदच मावळते! हे दुकान २०१५ च्या जुलैत बंद झाले, तेव्हा साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांनी त्याचे मृत्युलेख छापले. पुढे काही वर्षांनी ते पुन्हा उघडले.

आता १७९० हे साल वाचकांनी जरा थांबून पाहावे. दिल्लीच्या तख्तावर त्या वेळी शाहआलम होता, पण तो आंधळा होता. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले, आणि त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली परत घेऊन त्यास पुन्हा तख्तावर बसविले. म्हणजे सुखलाल हलवायाने आपली कढई चढविली तेव्हा लाल किल्ल्यावर पाटीलबाबांचा बंदोबस्त होता. त्याच साली पाटण आणि मेडता येथे शिंद्यांच्या पलटणींनी विजय मिळविले. हा अंमल १८०३ पर्यंत टिकला. त्या वर्षी ११ सप्टेंबर रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने तो संपविला. त्या रणभूमीच्या एका भागावर आज नोइडाचे गोल्फ मैदान असून इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ त्या मैदानातच उभा आहे. आणि खुद्द पटपडगंजात सहकारी गृहसंस्थांच्या इमारती झाल्या असून त्यांत आमच्यापैकीही काही बिऱ्हाडे नांदतात.

मराठ्यांचा दिल्लीशी संबंध त्याहून जुना. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाची फौज तालकटोऱ्याच्या बाजूस उतरली होती. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी शहर घेतले, तेव्हा फौजेच्या पोटाला इतकी टंचाई होती की दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. त्या काळी गोडधोडाची गोष्ट कोण काढणार? परंतु फौजा आल्या-गेल्या तरी पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे येथे दीर्घ काळ वावरले. त्यांचा पत्रव्यवहार 'हिंगणे दप्तर' म्हणून प्रसिद्ध आहे. घरापासून शेकडो कोसांवर राहावे, दरबारचा रंग पाहून पुण्यास खलिते लिहावे, आणि खर्चाची रक्कम वेळेवर येईल का याची चिंता वाहावी! दिल्लीतील मराठी सरकारी नोकराचे मूळपुरुष आम्ही यांनाच मानतो.

एवढे सारे असूनही फतेहपुरीपासून दरीब्यापर्यंत चालत गेले असता आपल्या ओळखीचे काय भेटते? दरीब्याच्या तोंडाशी १८८४ पासूनचे जिलबीचे दुकान आहे. हाताएवढी जाड जिलबी तेथे तुपात तळतात, तिची नाजूक मराठी बहीण तिच्यापुढे अगदी रोडकी दिसते. (सोनीपतकडे गोहाना येथे तर १९५८ पासून एकेक जिलबी पावशेराची करतात. ती एकट्याने संपविण्याचा पण आम्ही केला होता. अर्ध्यावर तह करावा लागला.) जिलबी मुळात अरबांची 'झलाबिया'. तिचा भारतातील माग पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४३ मध्ये एका निबंधात काढला. सतराव्या शतकातील मराठी पंडित रघुनाथ नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहल' ग्रंथात ती आहे, हे त्यांनी दाखविले. परकी जिलबी पंडितांच्या ग्रंथात शिरली. आमची पोळी मात्र दिल्लीच्या गल्लीत शिरली नाही.

पुढे किनारी बाजारात खुरचन मिळते. दूध मंद आचेवर ठेवून कढईच्या कडेला धरणारी साय खरवडावयाची, तिचे थरावर थर रचावयाचे आणि वर बुरा साखर भुरभुरावयाची. आपल्या घरी दुधाच्या पातेल्याची खरवड मिळविण्यासाठी भावंडांत जी मारामारी होते, तिचेच हे बाजारी रूप. याच भागात हिवाळ्याच्या सकाळी 'दौलत की चाट' विकणारे परात घेऊन बसतात. रात्रीच्या थंडीत ठेवलेले दूध पहाटे घुसळून त्याचा नुसता फेस उचलतात आणि त्यावर केशर, खवा व पिस्ते पेरतात. तोंडात घातला की घास नाहीसा होतो. पोटापर्यंत काही पोचले किंवा नाही याचा संशय राहतो. उन्हे तापली की तो फेस बसतो. इतका क्षणभंगुर पदार्थ या शहरात टिकून राहिला आणि शिंद्यांच्या मुदपाकखान्यातील काहीच टिकले नाही, ही बोच त्या थंडीतही आम्हांस लागल्यावाचून राहिली नाही.

फतेहपुरीच्या टोकाला एक सिंधी हलवायाचे दुकान आहे, चैनाराम यांचे. ते १९०१ मध्ये लाहोरात सुरू झाले आणि फाळणीनंतर दिल्लीस आले. त्यांचा कराची हलवा प्रसिद्ध आहे: काचेसारखा पारदर्शक, रबरासारखा चिवट, वेलदोड्याच्या वासाचा. लाहोरात वाढलेल्या दुकानाने दिल्लीत कराचीच्या नावाने हलवा विकावा, यात १९४७ चा सारा भूगोल येतो. तो खाताना आम्हांस एक उत्तर सुचले होते. ज्यांना मागे परतावयाचे गावच उरले नाही त्यांनी दुकाने घातली. मराठ्यांना परतावयाचे होते. शिलेदाराचे डोळे दसऱ्यानंतरच्या मोहिमेकडे असत, तसेच ते वैशाखात देशी जाण्याकडेही असत. खुद्द महादजीही १७९२ मध्ये दक्षिणेत गेले आणि १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस निवर्तले. आम्ही तरी वेगळे काय करतो? निवृत्तीनंतरच्या सदनिकेचे हप्ते पुण्यात, नाशकात वा ठाण्यात भरतो आणि दिल्लीत कुंडीतल्या तुळशीएवढीच माती धरतो.

परंतु हे उत्तर फार दिवस टिकले नाही. त्याला छेद दिला तो कनॉट प्लेसमधील वेंगर्सने. एका स्विस दांपत्याने १९२६ मध्ये सुरू केलेल्या या पेढीने दिल्लीला चॉकलेटची गोडी लावली. पुढे १९४५ मध्ये ती भारतीय मालकाकडे गेली. म्हणजे परतावयाचे ते परतले. दुकान, नाव आणि पद्धत मात्र येथील माणसांच्या हाती राहिली. तेथील चॉकलेटात दारू भरलेले असते अशी बातमी आमच्या कचेरीतील एका वृद्ध सहकाऱ्याने आणली होती. आम्ही खाल्लेल्यात केवळ रम या पेयाचा वास होता, पण तेवढ्याने त्यांनी उरलेली पेटी आमच्याकडेच सोडली. असो. मुद्दा असा की, माणूस राहिलाच पाहिजे असे नाही. त्याने आपली कढई दुसऱ्याच्या हाती दिली म्हणजे पुरते.

आणि येथे आपले घोडे अडले असावे, असा आमचा तर्क आहे. उत्तरेत अन्नाचे पक्के आणि कच्चे असे दोन भेद मानीत. तुपात तळलेले किंवा दुधात शिजविलेले ते पक्के. ते हलवायाकडून कोणीही घ्यावे, उघड्यावर खावे, प्रवासात न्यावे. पाण्यात शिजविलेले ते कच्चे. ते आपल्या चौकात, आपल्या जातीच्या हातचे. पेढा, बर्फी, जिलबी, सोहन हलवा ही सारी पक्की मंडळी, म्हणून ती बाजारात बसली. पुरणपोळीची डाळ पाण्यात शिजते, कणीक पाण्यात भिजते. ती ठार कच्ची. त्यात आपले सोवळे. आपली उत्तम पक्वान्ने सणाची, नैवेद्याची, पंगतीची. ती ओल्या नेसूने केली, केळीच्या पानावर वाढली आणि पंगत उठताच संपली. वकिलाबरोबर आचारी आला, तो वकिलाबरोबरच परत गेला. श्रीखंडाचा पूर्वज 'शिखरिणी' हा बाराव्या शतकातील सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लासा'त आहे, इतका तो जुना. पण राजाच्या ताटातून बाजाराच्या वजनकाट्यावर यावयास त्याला शतके लागली. खुद्द पुण्यात चितळे बंधूंचे दुकान १९५० मधले, म्हणजे घंटेवाल्याच्या नंतर तब्बल १६० वर्षांनी. इंदूर-ग्वाल्हेरीकडे मात्र आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, शेजाऱ्यांच्या पंगतीला गेली आणि त्यांना आपल्या पंगतीला बसविले. तेथील मिठाईवाल्याकडे श्रीखंड सहज मिळते.

दिल्लीवर ज्या एका मराठी मुलखातील गोडाने खरी स्वारी केली, ते यंत्रातून निघाले होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये मालेगावजवळ रावळगाव येथे साखरेचा उद्योग काढला आणि पुढे तेथे गोळ्या होऊ लागल्या. कागदात गुंडाळलेल्या गोळीला आचाऱ्याची जात नसते. 'पान पसंद' दिल्लीच्या पानठेल्यावरही दिसे आणि बसमध्येही चघळली जाई. ती नाशिक जिल्ह्यातून आली हे चघळणाऱ्यास ठाऊक नसे. २०२४ मध्ये ही नावे २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या एका कंपनीने विकत घेतली.

पक्क्या अन्नाची महती आम्हां सरकारी मंडळींना दर वर्षी माघाच्या सुमारास दिसते. अर्थसंकल्पाच्या छपाईपूर्वी अर्थमंत्रालयात मोठ्या कढईत हलवा करतात. मंत्री झारा फिरवितात आणि सचिवापासून छापखान्यातील कामगारापर्यंत सर्वांस त्याच कढईतून वाढतात. नंतर ही मंडळी अर्थसंकल्प मांडला जाईपर्यंत कोंडून घेतात. १९५० मध्ये मजकूर फुटला, म्हणून छपाई राष्ट्रपतिभवनातून मिंटो रोडच्या छापखान्यात गेली. १९८० मध्ये ती नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात आली. २०२१ पासून कागद जवळजवळ संपला, पण हलवा राहिला. २०२२ मध्ये साथीमुळे तेवढा तो चुकला आणि मिठाईचे पुडे वाटले गेले. तळघरात जाणाऱ्याला पुरणपोळी वाढावयाची म्हटली असती, तर पाटपाण्यापासून तयारी करावी लागली असती.

आमच्या वसाहतीबाहेर एक हलवाई आहे. मूळचा खुर्ज्याकडचा, समोशाबरोबर बालूशाही विकतो. मागील होळीस आमच्या घरची पोळी आम्ही त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट पाहिली, वास घेतला, जायफळ ओळखले आणि प्रमाण विचारले. डाळीइतकाच गूळ, असे आम्ही सांगितले. आठ दिवसांनी कचेरीतून परतताना त्याने हाक मारली. पुरण बरोबर जमले होते. पण तव्यावर भाजण्यास वेळ कोणाला, म्हणून त्याने पोळी लहान लाटून सरळ तुपाच्या कढईत सोडली होती. परातीत चाळीसएक असाव्यात. पुठ्ठ्यावर खडूने नाव लिहिले होते: 'मीठी दाल की पूरी'. घरी काय म्हणतील याचा आम्ही क्षणभर विचार केला, आणि चार बांधून घेतल्या.