विवाहोत्तर आडनाव : खानदेश

विवाहोत्तर आडनाव : लग्नानंतर स्त्रीने माहेरचे आडनाव ठेवावे, सासरचे घ्यावे की दोन्ही जोडून लावावीत, यासंबंधीची रूढी, कायदा आणि व्यवहार. मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदांचे असते. मुलीच्या बाबतीत स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव व आडनाव येते. लग्नानंतर त्या दोन्ही जागा पतीकडे जातात. पूर्वी पहिले पदही सुटत नसे. ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिण्याचा विधी घरोघर होई आणि माहेरची यमुना सासरी रमाबाई रानडे होई. आज पहिले नाव बहुधा कायम राहते, म्हणून सारी चर्चा आडनावाभोवती फिरते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील व्यवहार पाहिला, तर खरा पेच मधल्या नावात आहे असे दिसते, आणि निर्णयाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

याचे कारण खानदेशातील आडनावांच्या स्वरूपात आहे. रावेर, यावल, भुसावळ भागातील लेवा समाजात नारखेडे, झोपे, बऱ्हाटे, भोळे, फालक अशी कितीतरी आडनावे आहेत. तरीही पाटील, चौधरी, महाजन ही पदावरून आलेली आडनावे त्या समाजात आणि त्याबाहेरही गावोगाव भेटतात. अमळनेर, पारोळा, शिरपूर, शिंदखेडा या पट्ट्यात पाटील तर फारच. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद रद्द झाले, आडनाव मात्र राहिले. त्यामुळे पाटलांची लेक पाटलांच्याच घरी जाणे यात नवल नाही. आडनाव बदलण्याचा प्रश्नच तिच्यापुढे येत नाही, आणि तरी तिची कागदपत्रे बदलतात. नाशिक विभागीय मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव, आधार कार्डावर पतीचे, बँकेच्या पासबुकावर कधी हे तर कधी ते. टेबलापलीकडच्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बाया दिसतात. आडनाव एकच असूनही ओळख तुटते, ती या मधल्या पदामुळे.

प्रतिभाताई पाटील यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या प्रतिभाताई १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. देवीसिंह शेखावत यांच्याशी त्यांचा विवाह झाला तो त्यानंतर, १९६५ मध्ये. मतदारांना ठाऊक असलेले पाटील हे आडनाव त्यांनी सोडले नाही, मधले नाव मात्र पतीचे घेतले. २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या त्या प्रतिभा देवीसिंह पाटील या नावाने. आडनाव माहेरचे आणि मधले नाव सासरचे, अशी ही तडजोड त्या काळात धाडसाचीच होती. तिच्यामागे स्वकष्टाने मिळवलेली सार्वजनिक ओळख होती, हेही लक्षात घ्यायला हवे. सामान्य शिक्षिकेला, परिचारिकेला किंवा शेतकरी स्त्रीला तो आधार नसतो. तिचे नाव तिच्या कागदांइतकेच पक्के असते.

हे कागद येतात कुठून? पदवी लग्नाआधीच्या नावाने मिळते. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र वडिलांकडील पुराव्यांवर ठरते, कारण स्त्रीची जात कायद्याने जन्मावरून धरली जाते. लग्नाने ती बदलत नाही. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासाठीही आईवडिलांची स्थिती पाहतात, पतीचे उत्पन्न नव्हे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली. २००५ मध्ये ती देशभर आली आणि ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसले तरी हा हक्क टिकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. केळीच्या बागेचा किंवा कपाशीच्या रानाचा सातबारा असो, महामार्गाला गेलेल्या जमिनीचा मोबदला असो, वारस म्हणून उभी राहणारी स्त्री ही कुणाची तरी लेक म्हणून उभी असते. म्हणजे तिचे सर्वांत मोलाचे हक्क जन्मनावावर उभे आहेत. हे पाहिले की जन्मनाव पूर्ण तिन्ही पदांसह कायम ठेवणे हीच मूळ स्थिती मानली पाहिजे. कारण द्यायचेच असेल तर ते बदलण्याचे द्यावे. न बदलणाऱ्या मुलीकडे जाब मागू नये.

कायदा या मताच्या आड येत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पत्नीने नाव बदलण्याची सक्ती नाही. जपानमध्ये पतिपत्नींचे आडनाव एकच असावे असे नागरी कायदा सांगतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून दोघांनीही जन्मनावच वापरायचे आहे. आपल्याकडे दोन्ही सक्ती नाहीत, म्हणून रूढीच कायद्यासारखी वागते. ११ मार्च २०२४ च्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव आले. विवाहितेसाठी पतीचे नाव व आडनाव ही जुनी पद्धत त्यातही चालू राहिली, पण मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव नोंदवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी आलेल्या लाडकी बहीण योजनेच्या अर्जात लग्नापूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन्ही नावे मागितली होती.

एक आक्षेप असा, की माहेरचे आडनाव तरी बापाचेच. मग एका पुरुषाऐवजी दुसऱ्याचे लावले तर बिघडले कुठे? उगम पुरुषाकडचा आहे हे खरेच. पण वीस-पंचवीस वर्षे वापरलेले नाव त्या बाईचे झालेले असते. तिच्या भावाबाबत आपण हे सहज मान्य करतो. दुसरा आक्षेप मुलांचा. आई-मुलाचे आडनाव वेगळे असल्याने नाते सैल होत नाही. मूळच्या शिरपूरच्या कुटुंबातील स्मिता पाटील यांनी लग्नानंतरही आपले नाव ठेवले, आणि त्यांचा अभिनेता मुलगा प्रतीक २०२५ पासून प्रतीक स्मिता पाटील असे नाव लावतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आसोद्याच्या महाजनांची लेक बहिणाबाई सासरच्या चौधरी या आडनावानेच अजरामर झाली, तिचे काय अडले? तिचे अडले नाही, कारण अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीच्या हाती तिच्या नावाची गुणपत्रिका किंवा पदवी नव्हती. आज तिचेच नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठातून पदवी घेऊन मुली बाहेर पडतात. त्या पदवीवर जे नाव असते ते पुढे चाळीस वर्षे जपावे लागते.

तरीही एखादीला मनापासून सासरचे आडनाव हवे असेल, तर तो तिचा हक्क आहे. मात्र अर्धवट बदल सर्वांत घातक. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत विवाहनोंदणी करून प्रमाणपत्र आधी घ्यावे, हवे तर राजपत्रात बदल प्रसिद्ध करावा, मग आधार, पॅन, बँक आणि मतदार यादी एकाच अक्षरलेखनाने पाठोपाठ बदलून घ्यावी. जोडआडनाव घेणाऱ्यांनी त्याचा क्रम एकदाच ठरवावा. हा निर्णय साखरपुडा ते हळद यांच्या मधल्या दिवसांत वधूने स्वतः घ्यावा आणि सासरी आधीच सांगावा. आधार केंद्रावर दुसऱ्याने भरलेल्या अर्जावर मुकाट सही करू नये.