नक्कल नेमकी कशाला म्हणायचं?

महागड्या हेडफोनच्या गप्पांत 'ही तर सरळ कॉपी!' हे वाक्य हमखास येतं. जरा इतिहास बघू.

1960 मध्ये जपानच्या स्टॅक्सने एसआर-1 हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणला. 1968 मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी 414 काढला, उघड्या पाठीचा. त्याच सेनहायझरने 1991 मध्ये 'ऑर्फियस' केला, तोही इलेक्ट्रोस्टॅटिकच. म्हणून ऑर्फियस स्टॅक्सची नक्कल ठरतो का? नाही ना!

स्टॅक्सचं 580 व्होल्टचं, पाच पिनांचं सॉकेट आज इतर कंपन्याही वापरतात. त्यात भलं ग्राहकाचंच. हेडफोन बदलला तरी अ‍ॅम्प्लिफायर तोच चालतो.

नावाचं मात्र वेगळं. आपल्याकडे पेटंट 20 वर्षांनी संपतं. ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून टिकवता येतो. म्हणजे तंत्र शेवटी सगळ्यांचं, नाव ज्याचं त्याचं.

तेव्हा जुन्या तंत्रात भर घालणाऱ्या नवख्या कारागिराला चोर ठरवू नका. पण दुसऱ्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून गिऱ्हाइकाला फसवणारा दिसला, तर तिथे गप्पही बसू नका. कारण तिथे उचलला जातो तो आपला विश्वास.